सूट, तहकुबी आणि कौल : वीजबिलावरील पट्ट्यांची कुळकथा

राज्यकारभाराचा इतिहास बखरींतून वाचावयाची आपल्याला सवय आहे. परंतु राज्यकर्ता आणि रयत यांचा रोजचा संबंध ज्या कागदावर उमटतो, तो कागद वसुलीचा असतो. पेशवाईत तो गावच्या कुळकर्ण्याच्या दप्तरात असे. आज तो दर महिन्याला आपल्या दारात येऊन पडतो. वीजबिल हाच तो कागद. त्यावर वापरलेल्या युनिटांची किंमत असते, जोडीला स्थिर आकार असतो, इंधनाच्या दरातील चढउताराचा आकार असतो आणि शेवटी 'वीज शुल्क' अशी एक ओळ असते. बहुतेक जण तळाची एकूण रक्कम पाहून पैसे भरतात आणि कागद खिळ्याला टोचून ठेवतात. त्या शेवटच्या ओळीची कुळकथा सांगावी, आणि धंदा बसला असता याच बिलातून सरकारांनी दिलासा कसा दिला हे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. परमुलखात येऊन कोणी सोन्याचांदीच्या गलाईचे दुकान घातले आहे, कोणी छापखाना चालवितो, कोणाची पिठाची गिरणी आहे. त्यांना हा विषय केवळ पुस्तकी वाटू नये.

संकटकाळी प्रजेला हात देण्याच्या दोन रीती आपल्या देशात पूर्वापार चालत आल्या आहेत. त्यांपैकी एकीचे स्मारक आपण लखनौकर नित्य पाहतो. १७८४ च्या दुष्काळात नबाब आसफउद्दौला याने लोकांना काम मिळावे म्हणून बडा इमामबाडा बांधावयास घेतला, असे परंपरा सांगते. दिवसा बांधलेले रात्री पाडण्याचे कामही अब्रूदार पण अन्नाला महाग झालेल्या लोकांना दिले जाई, अशी आख्यायिका आहे. ही झाली काम देऊन पोट भरण्याची रीत. दुसरी रीत हिशेबाची. राज्याचे जे येणे, त्यातच कमीजास्त करून रयतेला श्वास घेऊ द्यावयाचा. मराठी राज्यात या दुसऱ्या रीतीची परिभाषा फार रेखीव झाली होती, आणि आजच्या वीजबिलाचा इतिहास समजून घेण्यास ती अजूनही उपयोगी पडते.

मुख्य साऱ्यावर जे जादा घेतले जाई, ते बहुधा 'पट्टी' या नावाने. म्हैसपट्टी, कर्जपट्टी, लग्नटका असे नाना प्रकार जुन्या कागदांत आढळतात. कारागीर, दुकानदार, विणकऱ्याचे माग यांवरील कराला मोहतर्फा म्हणत. पट्ट्या जशा अनेक, तसे दिलाशाचेही प्रकार अनेक होते. पीक बुडाले तर साऱ्याचा काही भाग कायमचा सोडून देत, ती 'सूट'. या वर्षी न घेता पुढील सालांत हप्त्यांनी घ्यावयाचे, ती 'तहकुबी'. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला पहिली काही वर्षे अल्प सारा लावून तो पायरीपायरीने पूर्ण करीत, तो 'इस्तावा'. नवी पेठ वसवावयाची झाली की येणाऱ्या वाण्याउदम्यांना अमुक वर्षे जकात व इतर कर माफ, असे लेखी अभय देत, तो 'कौल'. आणि मोजमापाच्या भानगडीत न पडता ठोक रक्कम ठरवून घेत, तो 'मक्ता'. या शब्दांचे महत्त्व असे की, प्रत्येकात मुदत आणि हिशेब गृहीत धरलेला होता. सूट कोणत्या सालाची, तहकुबी केव्हा फिटावयाची, कौल कधी संपावयाचा, हे कागदावर असे.

आता विजेकडे वळू. मुंबई इलाख्यात विजेचा मोठा कारभार खाजगी भांडवलातून उभा राहिला. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेले पाणी खोपोलीला उतरवून टाटांच्या कंपनीने १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यास आरंभ केला. आपल्या या प्रांतात कथा थोडी निराळी. गंगेच्या कालव्यावरील जलविद्युत केंद्रे सरकारने उभारली, आणि १९३० नंतर त्या विजेवर सरकारी कूपनलिका चालू लागल्या. लखनौ आणि अलाहाबाद या शहरांना मात्र यू. पी. इलेक्ट्रिक सप्लाय ही खाजगी कंपनी वीज पुरवीत असे. १९६४ मध्ये तिचा कारभार राज्य विद्युत मंडळाने आपल्याकडे घेतला.

वीज हे राज्याच्या उत्पन्नाचे साधन होऊ शकते, हे मुंबई सरकारच्या ध्यानी आले ते जागतिक मंदीच्या काळात. शेतमालाचे भाव कोसळले होते, साऱ्याची वसुली खचली होती, आणि तिजोरीला नवा झरा हवा होता. १९३२ च्या मुंबई वित्त कायद्याने विजेच्या वापरावर शुल्क बसविले. मंदीतील तूट भरून काढण्याचा उपाय म्हणून ते आले. मंदी ओसरली, महायुद्ध होऊन गेले, स्वराज्य आले, परंतु शुल्क राहिले. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४९ मध्ये स्वतंत्र वीज शुल्क कायदा झाला. १९५० च्या राज्यघटनेने राज्यसूचीतील ५३ व्या नोंदीत विजेच्या वापरावरील व विक्रीवरील कर राज्यांच्या स्वाधीन केला. उत्तर प्रदेशाने १९५२ मध्ये आपला वीज शुल्क कायदा केला. जमीनदारी निर्मूलनाचा कायदा १ जुलै १९५२ रोजी अमलात आला, त्याच वर्षातली ही गोष्ट. शतकानुशतके जमिनीकडे पाहून चालणारी राज्ये आता तारेकडेही पाहू लागली होती. पुढे द्विभाषिक मुंबई राज्यासाठी १९५८ चा मुंबई वीज शुल्क कायदा आला; महाराष्ट्राने त्यात १९६३ च्या वीज विक्रीकर कायद्याची भर घातली. १९५८ च्या कायद्याची जागा महाराष्ट्रात २०१६ च्या नव्या कायद्याने घेतली.

हा कर राज्यांना इतका प्रिय का व्हावा? याचे उत्तर वसुलीच्या सोयीत आहे. साऱ्यासाठी पाहणी करावी लागते, विक्रीकरासाठी वह्या तपासाव्या लागतात, प्राप्तिकरासाठी माणसाच्या सचोटीवर विसंबावे लागते. विजेचे तसे नाही. मीटर मोजणी करतो, वीज कंपनी बिल काढते, तीच पैसे गोळा करून सरकारकडे भरते. आणि न भरणाऱ्याचा पुरवठा तोडण्याचे शस्त्र तिच्याच हाती असते. इतका स्वस्त आणि खात्रीचा वसूलदार कोणत्याही सुभेदाराला लाभला नव्हता. आणि जी पट्टी वसूल करणे सोपे, ती वाढविण्याचा मोहही मोठा. २०१६ च्या कायद्यातील दरांनुसार महाराष्ट्रात घरगुती वापरावर १६ टक्के आणि व्यापारी वापरावर २१ टक्के शुल्क ठरले. म्हणजे दुकानदाराने हजार रुपयांची वीज जाळली की वर दोनशे दहा रुपये राज्याचे.

येथे घटनेच्या २८७ व्या कलमाचा उल्लेख केला पाहिजे. केंद्र सरकार स्वतः जी वीज वापरते आणि रेल्वे आपल्या गाड्या व व्यवस्था चालविण्यास जी वापरते, तिच्यावर संसदेने परवानगी दिल्यावाचून राज्याला कर लावता येत नाही. केंद्राच्या नोकरीत असल्यामुळे या कलमाचा अर्थ मला रोज कळतो. कार्यालयातील दिव्यावर राज्याचे शुल्क नाही. घरी येऊन तसलाच दिवा लावला की आहे. आपल्या मंडळातील रेल्वेची मंडळी हे ताबडतोब ओळखतील. सांगावयाचे इतकेच की, एकास माफी म्हणजे उरलेल्यांवर भार, हे तत्त्व घटनेच्या जन्मापासून या बिलात वसलेले आहे.

एकदा बसलेली पट्टी कधी उठतच नाही, असे मात्र नाही. १९७१ मध्ये पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी केंद्राने टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावले. १५ नोव्हेंबर १९७१ रोजी ते सुरू झाले आणि मार्च १९७३ अखेर बंद झाले. त्या वेळी विद्यार्थी असलेल्यांना पत्रावरचे ते छोटे तिकीट आठवत असेल. विजेच्या बाबतीतही एक उदाहरण आहे. १९७८ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री एच. एम. पटेल यांनी वीजनिर्मितीवर युनिटमागे दोन पैसे केंद्रीय उत्पादन शुल्क बसविले. सातव्या वित्त आयोगाने त्याचे निव्वळ उत्पन्न राज्यांकडे जावे असे सुचविले. १९८४ मध्ये हे शुल्क रद्द झाले. या दोन्ही पट्ट्यांत एक साम्य दिसते. दोन्हींना स्वतःचे वेगळे नाव होते आणि वेगळा हिशेब होता. निर्वासितांचे तिकीट तर डोळ्यांना दिसत होते. कारण संपल्यावर ते तसेच ठेवणे कोणत्याही सरकारला अवघड गेले असते. १९३२ च्या शुल्काचे तसे नव्हते. ते सर्वसाधारण तिजोरीत जाऊन मिसळले, आणि ज्याचे कारण विसरले गेले ते उठविण्याचे कारणही कोणाला उरले नाही.

आता दुसरी बाजू, दिलाशाची. जुने चार शब्द हाती धरून गेल्या साठ वर्षांकडे पाहिले तर सगळे कसे स्वच्छ दिसू लागते.

पहिला कौल. मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातच कारखाने दाटू लागले, तेव्हा ते मागास भागांत जावेत म्हणून महाराष्ट्र सरकारने १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. तिच्या पुढील आवृत्त्यांत मागास भागातील नव्या उद्योगांना ठराविक वर्षे वीज शुल्काची माफी मिळू लागली. नव्या पेठेत येणाऱ्या उदम्याला पेशव्यांनी दिलेला कौल तो हाच. शिक्का तेवढा बदलला. या प्रकारात मुदत स्पष्ट असते, हा त्याचा गुण. दोष असा की, जुन्या पेठेत वर्षानुवर्षे पट्टी भरणारा दुकानदार तिष्ठत राहतो.

दुसरी सूट. ६ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राचा अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री अजित पवार यांनी मंदीची झळ लागलेल्या उद्योगांसाठी औद्योगिक वापरावरील वीज शुल्क ९.३ टक्क्यांवरून ७.५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. एक लाख रुपयांच्या विजेवर ९,३०० रुपये भरणाऱ्या कारखान्याला ७,५०० भरावे लागतील, महिन्याकाठी १,८०० रुपये वाचतील, असा तो हिशेब. परंतु पुढे तीन आठवडेही झाले नाहीत तोच २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. यंत्रे थांबली. वीज जळेनाशी झाल्यावर शुल्काचा दर साडेसात काय आणि साडेनऊ काय! टक्क्यांतली सूट ही चालत्या यंत्राला उपयोगी. थांबलेल्या यंत्राला नव्हे.

थांबलेल्या यंत्राला जाळतो तो स्थिर आकार. एक युनिटही न वापरता, केवळ जोडणी घेऊन ठेवल्याबद्दल हा आकार द्यावा लागतो, कारण तारा, रोहित्रे आणि माणसे यांचा वीज कंपनीचा खर्च चालूच असतो. बंद पडलेल्या गिरण्यांच्या थकबाकीत या किमान आकाराचा वाटा मोठा असतो, हे कानपूरच्या किंवा नागपूरच्या कोणाही जुन्या गिरणी-कारकुनास ठाऊक असेल. म्हणून महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ३० मार्च २०२० च्या आदेशात औद्योगिक व व्यापारी ग्राहकांना तीन बिलांपर्यंत स्थिर आकार भरण्यास स्थगिती दिली. हा तिसरा प्रकार, तहकुबी. ती माफी नव्हती. रक्कम पुढे द्यावयाचीच होती. कित्येक लहान कारखानदारांची निराशा झाली ती येथेच. सूट मिळाली असे समजून ते थांबले, आणि नंतरच्या बिलात तहकुबी उभी राहिली. आपल्या आजोबांच्या पिढीला हे दोन शब्द निरनिराळे आहेत हे सांगावे लागत नसे.

चौथा मक्ता, आणि त्याची कथा या प्रांताची आहे. उत्तर प्रदेशात २००६ मध्ये यंत्रमागावरील विणकरांसाठी मीटरच्या आकड्यावर नव्हे, तर मागाच्या संख्येवर ठोक दराने बिल घेण्याची योजना सुरू झाली. बनारस, मऊ, टांडा येथील हजारो कुटुंबांचे गणित तिच्यावर बसले. विणकर देई त्यापेक्षा विजेची किंमत पुष्कळ अधिक होती, आणि मधले अंतर राज्याने भरून द्यावयाचे होते. ते अंतर वाढत गेले. डिसेंबर २०१९ मध्ये मक्ता रद्द करून ठराविक युनिटांपर्यंतच अनुदान देण्याचे ठरले. त्यानंतर टाळेबंदी आली. २०२० मध्ये बनारसच्या विणकरांनी 'मुर्री बंद' पुकारून माग थांबविले. अखेर २०२३ मध्ये नव्या दरांनी मक्त्याकडेच परतावे लागले. चौदा वर्षे ज्या दिलाशावर घरे उभी राहिली, तो एका आदेशाने काढणे न्याय्य नव्हते. आणि चौदा वर्षे त्याची मुदत व मर्यादा यांचा विचार पुढे ढकलणे हेही शहाणपणाचे नव्हते.

या कथेचे महाराष्ट्राशी रक्ताचे नाते आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर याच पूर्वेकडील जिल्ह्यांतून मोमीन विणकर दक्षिणेकडे गेले आणि मालेगावास स्थिरावले. तिकडे इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला होता. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांतील यंत्रमागांनाही महाराष्ट्र सरकार वीजदरात सवलत देत आले आहे. मऊचा विणकर आणि मालेगावचा विणकर एकाच कुळातले. दोन राज्यांच्या दोन बिलांवर दोघांचे भवितव्य टांगलेले.

मग या सवलतींचे पैसे देतो कोण? हा प्रश्न दीर्घकाळ टाळला गेला. सवलत सरकारने जाहीर करावी, आणि तोटा विद्युत मंडळाने सोसावा, असा प्रघात पडला. केंद्राने नेमलेल्या वीजविषयक समितीने, जिचे अध्यक्ष व्ही. जी. राजाध्यक्ष होते, १९८० च्या आपल्या अहवालात मंडळांचा कारभार आर्थिक शिस्तीवर आणण्याचा आग्रह धरला होता. तो फारसा मानला गेला नाही. उत्तर प्रदेशाचे मंडळ २००० मध्ये विभागले गेले. आपले मंडळ सुरू झाले तेव्हा लखनौचे बिल राज्य विद्युत मंडळाच्या नावाने येई, ते पुढे मध्यांचल विद्युत वितरण निगमाच्या नावाने येऊ लागले. नाव बदलले, तोटा राहिला. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राने 'उदय' योजना आणली आणि तीत सामील झालेल्या राज्यांनी वितरण कंपन्यांच्या तीन चतुर्थांश कर्जाचा भार स्वतःवर घेतला. म्हणजे अखेरीस ती कर्जपट्टीच झाली. केवळ बिलावर छापलेली नाही, एवढाच फरक.

तोटा भरून काढण्याची दुसरी वाट अशी की, एका वर्गाची सवलत दुसऱ्या वर्गाच्या दरात घालावयाची. ती वाट हमखास दुकानावरून आणि कारखान्यावरून जाते. तशात २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा वीज त्या करातून मुक्त राहिली आणि वीज शुल्क राज्यांकडे तसेच राहिले. परिणाम असा की, छापखानेवाल्याला कागदावर भरलेल्या कराची वजावट मिळते, परंतु विजेवर भरलेल्या शुल्काची मिळत नाही. ते त्याच्या मालाच्या किमतीत मुरते, किंवा त्याच्या नफ्यातून जाते. गिऱ्हाईक किंमत देईनासे झाले म्हणजे दुसरे घडते, आणि धंदा आजारी पडतो तो असाच, गाजावाजा न होता.

२००३ च्या वीज कायद्याने ६५ व्या कलमात या सर्व रोगावर नेमके औषध लिहून ठेवले आहे. राज्य सरकारला एखाद्या वर्गास सवलत द्यावयाची असेल तर तिची भरपाई त्याने आगाऊ दिली पाहिजे. न दिल्यास सवलतीचा आदेश लागू राहणार नाही. एका वाक्यात सांगावयाचे तर, दान द्यावयाचे ते स्वतःच्या गाठीचे. या कलमाचे सार जुन्या दप्तरांतल्या रीतीहून निराळे नाही. सूट ज्याने दिली त्याच्याच खाती ती खर्च पडली पाहिजे. जेथे हे पाळले जात नाही, तेथे एकाची सूट ही दुसऱ्याची पट्टी होते, आणि ज्याच्यावर ती बसते त्यास ती कोणी बसविली याचाही पत्ता लागत नाही.

वीज शुल्क मुळातच अन्यायाचे आहे, असे मला म्हणावयाचे नाही. शाळा, रस्ते, दवाखाने यांसाठी राज्याला पैसा लागतो आणि तो कोठून तरी यावयाचाच. बुडत्या धंद्याला हात देऊ नये, असे तर मुळीच नाही. एक लहान कारखाना बंद पडला म्हणजे दहा घरच्या चुली थंडावतात. मागणे एवढेच की, पट्टीला कारण असावे, दिलाशाला मुदत असावी, आणि दोहोंचा हिशेब वेगळा असावा. हे काही अशक्य कोटीतले नाही. आपल्यासारख्या मंडळांत वार्षिक वर्गणीची पावती निराळी, गणेशोत्सवाची निराळी आणि इमारत निधीची निराळी असते. गणपतीसाठी जमलेला पैसा छपराच्या दुरुस्तीला लावला तर सर्वसाधारण सभेत कोणीतरी उभे राहून विचारतेच. एखाद्या सभासदाचे दिवस फिरले तर त्याची वर्गणी माफ होते, परंतु ती कार्यकारिणीच्या ठरावाने होते आणि इतिवृत्तात नोंदली जाते. पन्नास वर्षे ही शिस्त पाळणाऱ्या माणसांना राज्याकडून तिची अपेक्षा करण्याचा अधिकार आहे.

तेव्हा पुढचे वीजबिल आले म्हणजे ते तळापासून वर वाचावे. त्यातली कोणती ओळ वीज कंपनीची आणि कोणती सरकारची, हे पाहावे. धंद्यासाठी एखादी सवलत जाहीर झाली तर पहिला प्रश्न विचारावा : ही सूट आहे की तहकुबी? दुसरा : किती दिवसांची? आणि तिसरा, जो सहसा विचारला जात नाही : कोणाच्या खाती?